केमिस्टच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा

महोदय,

सीसीएमपी हा ॲलोपॅथीच्या औषधांचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधील नोंदणीवरून वाद पेटला, १८ सप्टेंबर २०२५ रोजी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा संपही झाला. पण औषध ज्याच्या हातून जाते, त्या केमिस्टचा विचार कोणीच करत नाही.

बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या डॉक्टरला होमिओपॅथीच्या प्रॅक्टिसचा पूर्ण अधिकार आहे. प्रश्न ॲलोपॅथीच्या औषधांचा. पूनम वर्मा खटला मुंबईचाच. जुलै १९९२ मध्ये होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला आधी व्हायरल, मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधे दिली, तीही रक्त न तपासता. रुग्ण त्याच महिन्यात दगावला. जी पद्धत शिकलो नाही तिने उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले. पुढे १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात स्पष्ट झाले, की राज्य सरकारने तसे जाहीर केलेले असेल आणि डॉक्टरचे नाव राज्याच्या वैद्यकीय नोंदवहीत असेल, तरच इतर पद्धतींच्या डॉक्टरांना ही औषधे लिहिता येतात, आणि तीही त्याच राज्यात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून दिलेली मुभा वर्षभराचा सीसीएमपी पूर्ण करणाऱ्यांनाच आहे, सरसकट सगळ्या बीएचएमएसना नाही.

आता काउंटरवर या. चिठ्ठीवर सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आहे. ते शेड्यूल एच-१ या, विक्रीची खास नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीतले, म्हणून वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व नग लिहायचे आणि ते तीन वर्षे जपायचे. डॉक्टरची पदवी किंवा नोंदणी क्रमांक लिहायला त्यात रकानाच नाही! नावाआधी ‘डॉ.’ दिसले की औषध दिले जाते. इलेक्ट्रोपॅथी या मान्यता नसलेल्या पद्धतीचे सर्टिफिकेट भिंतीवर लावून बसलेल्यांचे यातच फावते. केंद्राच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशानुसार त्यांना ‘डॉक्टर’ म्हणवून घेण्याचीही मुभा नाही.

एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) या रजिस्टरमध्ये नोंदणी क्रमांक आणि कौन्सिलचे नाव यांसाठी रकाना वाढवावा. चिठ्ठीवर सीसीएमपीचा उल्लेख व क्रमांक छापणे सक्तीचे करावे. आणि नोंदणी झालेल्यांची यादी मोबाइलवर क्रमांक टाकताच दिसेल अशी खुली ठेवावी. गिऱ्हाईक समोर उभे असताना कौन्सिलला फोन लावत बसायला कोणाला वेळ असतो?

– एक फार्मासिस्ट, सातारा