स्पेशलायझेशन फलकावर, वर्गात काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की भंवरकुआँपासून खंडवा रोडपर्यंतच्या फलकांवर संगणकशास्त्राच्या एम. टेक.साठी आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी स्पेशलायझेशनची नावे झळकू लागतात. इंदूरच्या मराठी घरांतून चौकशीला येणारे पालकही ‘मुलाने कुठले स्पेशलायझेशन घ्यावे?’ एवढेच विचारतात; त्या नावाखाली प्रत्यक्ष कोणते विषय शिकवले जातील, हे सहसा कोणी विचारत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एम. टेक. ६८ क्रेडिटांचे (अभ्यासाचा भार मोजणाऱ्या एककांचे) आहे. त्यांतली २६ एकट्या प्रबंधाची, आणि गणिती पाया, प्रगत डेटा स्ट्रक्चर्स, प्रगत अल्गोरिदम हे विषय सर्वांनाच सक्तीचे. म्हणजे स्पेशलायझेशन उरते ते पाच ऐच्छिक विषयांत आणि प्रबंधात. घोळ होतो तो इथेच. माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याने माहितीपुस्तिकेत क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचे शास्त्र, हा विषय पाहून येथील एका खासगी संस्थेत प्रवेश घेतला. दुसऱ्या सत्राच्या आरंभी सूचनाफलकावर जो कागद लागला, त्यात ‘ऐच्छिक’ या मथळ्याखाली एकच विषय होता, क्लाउड कम्प्युटिंग (इंटरनेटवरून दूरचे संगणक वापरण्याचे तंत्र). कारण अध्यापक तेवढ्याच विषयाला उपलब्ध होते. एकातून एक निवडायचे, हे स्वातंत्र्य खरोखर अपूर्वच म्हणायचे!

पूर्वतयारीबद्दलही असेच मौन असते. एम. सी. ए. ही संगणकाची दुसरी पदव्युत्तर पदवी २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली आणि गणित न घेतलेल्यांसाठी ब्रिज कोर्सची, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणाऱ्या पूरक अभ्यासक्रमाची, सोय नियमांत आली. पण तो कोर्स किती तासांचा, कोण घेणार, हे पुस्तिकेत सापडत नाही. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता कच्ची असलेला विद्यार्थी तयार लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेले प्रोग्राम) वापरून मॉडेल, म्हणजे माहितीवरून अंदाज बांधायला शिकलेला प्रोग्राम, चालवून दाखवतो, पण प्रशिक्षणातील माहितीवर अचूक ठरणारे तेच मॉडेल नव्या माहितीवर का चुकते, असे तोंडी परीक्षेत विचारले की गप्प बसतो. यात दोष त्याचा एकट्याचा नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा ऑनलाइन एम. एस. अभ्यासक्रम २०१४ पासून चालू आहे. तिथे एकूण दहा विषय. मशीन लर्निंगचे स्पेशलायझेशन हवे असेल तर अल्गोरिदम आणि मशीन लर्निंग घ्यावेच लागतात, शिवाय ठरावीक यादीतले तीन, आणि या पाचही विषयांत किमान ‘बी’ श्रेणी. अर्ज करण्यापूर्वी हे सारे कोणालाही वाचता येते. तिथली फी आणि साधने वेगळी, हे मान्य. पण माहिती छापायला फारसा खर्च येत नाही.

येथील संस्थांनी गेल्या दोन वर्षांत खरोखर चाललेले ऐच्छिक विषय, प्रत्येकाची विद्यार्थिसंख्या आणि पूर्वअटी प्रवेश-अर्जासोबतच जाहीर कराव्यात, आणि विद्यापीठाने संलग्नतेच्या तपासणीत हा तक्ता मागावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, रामबाग, इंदूर