एन्याचा गळा आणि तुझा आक्षेप

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आयरिश गायिका एन्या हिच्याविषयी तू लिहिलेस ते वाचले. जिने आयुष्यात स्वतःच्या मैफलींचा एकही दौरा केला नाही, तिच्या गळ्यावर विश्वास कसा ठेवावा, हा तुझा प्रश्न मैफली ऐकत वाढलेल्या मुलीला शोभणाराच आहे. पण तिच्या बाबतीत तो मला गैरलागू वाटतो.

तिचा जन्म १९६१ मध्ये डोनेगल परगण्यातील ग्वीडोर या आयरिशभाषक भागात झाला. वडील वाद्यवृंद चालवीत, आई संगीत शिकवी, आणि भावंडे व दोन मामा यांचा ‘क्लॅनड’ हा गट नावारूपाला येत होता. १९८० मध्ये तीही त्यात गेली. वाट्याला आले ते की-बोर्ड आणि मागची साथ. दोनच वर्षांनी तिने घरचा गट सोडला (यासाठी लागणारे धैर्य तुला वेगळे सांगायला नको) आणि गटाचे काम पाहणारे निकी रायन व त्यांची पत्नी रोमा यांच्याबरोबर डब्लिनच्या आर्टेन भागात, त्यांच्या घरामागील छोट्याशा स्टुडिओत नव्याने सुरुवात केली. चाल एन्याची, शब्द रोमाचे आणि ध्वनियोजना निकींची, ही वाटणी पुढे कायम राहिली.

तुला जे समूहगान वाटते, ते तिचे एकटीचेच गाणे आहे. एकच ओळ ती वेगवेगळ्या सुरांत पुनःपुन्हा, दर वेळी नव्याने गाते, आणि ते डझनावारी थर एकावर एक बसवले जातात. यंत्राने एकाच आवाजाच्या प्रती काढल्या असत्या तर श्रम वाचले असते. पण श्वासातला आणि सुरातला जो बारीक फरक त्या नादाला भरीव करतो, तोच हरवला असता.

१९८८ च्या ‘वॉटरमार्क’ या अल्बममधील ‘ओरिनोको फ्लो’ हे गाणे ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. २००१ मध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर अमेरिकी वाहिन्यांनी ‘ओन्ली टाइम’ वारंवार लावले. चार ग्रॅमीही मिळाले. नंतरचे अल्बम एकमेकांसारखे वाटतात, हे तुझे म्हणणे मात्र मला मान्य आहे.

मंच तिला वर्ज्य होता असेही नाही. २००२ च्या ऑस्कर सोहळ्यात ती ‘मे इट बी’ गायली. पण रोज संध्याकाळी तीच गाणी उभी करायची, तर तिच्याचसारखे इतके गळे आणायचे कोठून?

तुझा,
बाबा