सेकंडहँड सेट घेण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, नवा सेट परवडायचा नाही, नोकरी लागेपर्यंत हॅम रेडिओचं, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून वायरलेसवर संपर्क साधण्याचं, नाव नको. असं करू नकोस. जुन्या सेटवर हा छंद उत्तम चालतो, आणि मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची लिपी, येत असेल तर पाच वॉटसुद्धा पुष्कळ होतात. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिली गोष्ट, लायसन्स हातात येईपर्यंत ट्रान्समीटर खोलीवर आणायचा नाही, कितीही स्वस्तात मिळत असला तरी. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या लायसन्सच्या, परीक्षेला मोर्स नसतं. तरी तू ते आत्तापासून शिकावंस असं मला मनापासून वाटतं. तुझे मित्र म्हणतील, 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती गेली, 2013 मध्ये आपल्याकडची तार बंद झाली, आता कशाला हे? त्यांना सांग, बोलण्याचा सिग्नल अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा अडवतो, मोर्सला दीडशे-दोनशे हर्ट्झ पुरतात. सगळी ताकद तेवढ्याशा पट्टीत एकवटते, त्यामुळे जिथे बोलणं खरखरीत बुडून जातं तिथे मोर्सचा सूर कानाला सापडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. तेव्हा आपला सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालू होता, तुला आठवत असेल. सेट जितक्या कमी वॉटवर चालवशील, तितकी बॅटरी जास्त टिकते.

शिकताना टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नकोस. मिरजेला तबल्याच्या क्लासला जायचीस तेव्हा बोल आधी तोंडाने म्हणवून घेत, हात मागून यायचा, इथेही तसंच. रेघेला दा, टिंबाला दि; सी म्हणजे दा-दि-दा-दि, क्यू म्हणजे दा-दा-दि-दा, असं म्हणत जा. सुरुवात के आणि एम या दोनच अक्षरांनी कर, ती पक्की झाली की तिसरं घे. अक्षर मिनिटाला वीस शब्दांच्या चालीने वाजू दे, दोन अक्षरांमध्ये मात्र भरपूर मोकळी जागा ठेव. अक्षरच सावकाश वाजवलं की माणूस टिंबं मोजत बसतो, आणि ती सवय पुढे फार छळते. रोज पंधरा-वीस मिनिटं बास, पण रोज. खरे सिग्नल ऐकायला नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून ऐकता येणारा रिसीव्हर, नेटवर आहे. हेडफोन लावून 7 मेगाहर्ट्झच्या सुरुवातीच्या भागात फिरत राहा. आधी काही कळणार नाही, मग एखादं अक्षर, मग कुणाचा तरी अख्खा कॉल साईन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारं ओळखीचं नाव.

माझी पितळी की, म्हणजे मोर्स वाजवायची दाबपट्टी, कुरिअरने पाठवते आहे. तिच्या मागच्या स्क्रूने संपर्कबिंदूंमधली फट कागदाच्या जाडीएवढी ठेव. बिंदू काळे पडले तर पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. साध्या कागदाची पट्टी मध्ये धरून की हलकेच दाब आणि पट्टी ओढून काढ. की टेबलाच्या कडेपासून इतकी आत ठेव की कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकेल. हालचाल मनगटातून, बोटांतून नको. सध्या की फक्त बझरला जोड.

लायसन्स आलं की सेटचं बघू. फोटोवर भुलून घेऊ नकोस, चालू करून बघ. अर्धा तास तसाच राहू दे, फ्रीक्वेन्सी सरकते का पाहा. मग अँटेनाच्या जागी 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे सिग्नल बाहेर न सोडता ताकद जिरवणारा रेझिस्टर, लावून प्रत्येक बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या प्रत्येक पट्ट्यावर, किती वॉट निघतात ते मीटरवर बघ. अँटेना किंवा लोड नसताना की दाबायची नाही, सिग्नलला शेवटची ताकद देणारा फायनल ट्रान्झिस्टर जायचा धोका असतो, आणि जुन्या मॉडेलचे ट्रान्झिस्टर शोधून मिळत नाहीत. नॉब फिरवताना खरखरला तर घाबरू नकोस, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा सुधारतो. जळका वास, झिजलेल्या खाचांचे स्क्रू, कुणीतरी घाईने केलेलं सोल्डरिंग, यांतलं काही दिसलं तर सरळ नमस्कार करून निघायचं. व्हॉल्व्हचे जुने सेट देखणे असतात, पण आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. तुझ्या पहिल्या सेटसाठी ते नकोत. आयकॉम कंपनीच्या 718 सारखा साधा सेट मिळाला तर मला आवडेल. शंभर वॉटचा आहे, 13.8 व्होल्टवर चालतो. पॉवर सप्लाय वीसेक अँपिअरचा लागेल, त्याचे पैसे वेगळे धर. पावतीवर विकणाऱ्याचा कॉल साईन, सेटचा सिरियल नंबर आणि सही हवीच.

अँटेनाला खर्च जवळजवळ नाही. 7 मेगाहर्ट्झच्या डायपोलला, म्हणजे मधून जोडलेल्या दोन वायरींच्या साध्या अँटेनाला, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर साधी वायर लागते. थोडी जास्तच काप, मग एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून ताकद किती परत फिरते त्याचं माप, बघत दोन्हीकडून सारखी कमी करत ये. तुमच्या बिल्डिंगची गच्ची वापरायला मिळते का, तेवढं सेक्रेटरींना आत्ताच विचारून ठेव.

सेट कुठे विकायला दिसला तर मागच्या सॉकेटचे जवळून फोटो काढून पाठव. बाबांना पण दाखवते, सोल्डरिंग त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तुझी,
आई