आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : दंतहीन जबड्याचा उपचार सौंदर्योपचारांतून बाहेर काढा

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

दंत इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, म्हटले की सार्वजनिक आरोग्य योजनांत ते बहुधा सौंदर्योपचार म्हणून बाजूला पडते. एखादाच दात गेलेल्या माणसाबाबत यावर वाद होऊ शकतो. पण ज्याच्या तोंडात एकही दात नाही आणि जबड्याचे हाड झिजले आहे, त्याला तोच नियम लावणे अन्यायाचे आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

दात गेला की त्याच्याभोवतीच्या हाडावर येणारा ताण संपतो आणि शरीर ते हाड शोषून घेऊ लागते. सर्वांत जास्त झीज पहिल्या वर्षात होते. नंतर ती मंदावते, पण चालूच राहते. वरच्यापेक्षा खालचा जबडा दीर्घकाळात सुमारे चौपट झिजतो. कवळी टेकते ती हिरडीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर. तोच सपाट झाला की जीभ हलली तरी कवळी उचलली जाते. झीज फार झाली तर हनुवटीच्या बाजूला हाडातून बाहेर येणारी नस कवळीखाली दाबली जाते आणि घासागणिक कळ येते. अशा रुग्णाला पुन्हा पुन्हा नवी कवळी करून देण्यात काय अर्थ आहे? करणारा कितीही कुशल असो, कवळीला आधारच उरलेला नसतो. माणसे चावणे सोडतात, चारचौघांत जेवायचे टाळतात.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी दाखवले. १९६५ मध्ये त्यांनी ज्या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, त्याच्या खालच्या जबड्यात दात नव्हते. या उपचाराची सुरुवातच अशा रुग्णापासून झाली आहे! पुढे २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी कवळी हा पहिल्या पसंतीचा उपचार असावा, असे मत मांडले. फक्त दोन. शिवाय इम्प्लांटभोवतीचे हाड पुष्कळसे टिकते, हा वेगळा फायदा.

म्हणून मागणी अशी, की खालच्या जबड्यातील या दोन इम्प्लांटचा आणि कवळीचा खर्च योजनेत घ्यावा. मात्र ‘हाड अमुक मिलिमीटरपेक्षा कमी असेल तरच’ अशी अट कृपया घालू नका. त्या अटीने रुग्णाला हाड आणखी झिजेपर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर साधा उपचार हातचा गेलेला असेल. मग हाडरोपण, वरच्या जबड्यात सायनस लिफ्ट (नाकाशेजारच्या पोकळीचा तळ उचलून तिथे हाड भरणे), किंवा गालाच्या हाडात बसवायचे लांबलचक झायगोमॅटिक इम्प्लांट, म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियाच उरतात. ज्यांची झीज आधीच त्या टप्प्याला गेली आहे, त्यांच्यासाठी याही सोयी प्रशिक्षित सर्जन असलेल्या रुग्णालयांत हव्यात. पण निकष दंतहीनता आणि न टिकणारी कवळी हाच असावा.

मधुमेह असलेल्यांना सरसकट वगळू नये; साखर आटोक्यात असेल तर त्यांनाही इम्प्लांट करता येते. आणि नंतरच्या तपासण्या, सफाई, कवळी इम्प्लांटवर अडकवून ठेवणाऱ्या झिजलेल्या रिंगा बदलणे हेही योजनेतच धरावे. देखभाल सुटली की इम्प्लांटभोवती जंतुसंसर्ग होतो आणि उरलेले हाडही जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना एकही दात नाही. पुढच्या वेळी उपचारांच्या यादीचा फेरविचार होईल, तेव्हा त्या बैठकीला कृत्रिम दंतशास्त्राचे तज्ज्ञ आणि कवळी वापरणारे रुग्ण, दोघांनाही बोलवावे, ही विनंती.

आपला,
एक दंतवैद्य