एचआयव्ही नाही, तरी क्रिप्टोकॉकस

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय संज्या,

मामांना एचआयव्ही नाही, मग ही क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणात आली कुठून, असं तू विचारलंस. घरच्यांनी रामकुंडावरच्या कबुतरांना दोषी ठरवून टाकलंय. कबुतरांच्या विष्ठेत ही बुरशी असते, पण श्वासातून आत गेलेली बुरशी फुप्फुसात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकते. तिला रान मोकळं केलं ते संधिवातासाठी घेतलेल्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडनं. सिरॉसिस (यकृताचा आजार), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), किडनी बदललेले रुग्ण, यांनाही हा धोका असतो. काहींत तर कारणच सापडत नाही.

मला चीड येते ती उशिराची. डोकेदुखी हटेना, उलट्या थांबेनात, आणि एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणून सगळे निर्धास्त! आधीच्या दवाखान्यात टीबीचा मेंदूज्वर समजून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. क्रिप्टोकॉकल अँटिजेनची, म्हणजे या बुरशीचा अंश शोधणारी, साधी तपासणी कुणाला सुचली नाही. एचआयव्हीच्या रुग्णात ती लगेच आठवते. असे उशिरा सापडलेले कितीतरी रुग्ण उपचार मिळूनही दगावतात.

शेवटी मणक्यातलं पाणी काढलं. दाब 38 सेंटिमीटर. 25 सुद्धा जास्तच समजतात. शाईच्या थेंबात काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीची पांढरी वलयं दिसली. मग दाब उतरवायला पुन्हा पुन्हा पाणी काढायचे. सुई टोचताना शिव्या घालणारे मामा तासाभरात चहा मागायचे, इतकं डोकं हलकं व्हायचं!

बुरशीवरचं औषध लायपोसोमल अँफोटेरिसिन, किलोमागे रोज 3 ते 4 मिलिग्रॅम, जोडीला फ्लुसायटोसिन हे दुसरं बुरशीनाशक. सलाइन चालू असताना हुडहुडी भरायची, पोटॅशियम घसरायचं, किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर डोळा ठेवावा लागायचा. तू पाठवलेली ती अँफोटेरिसिनच्या एकाच डोसची बातमी आफ्रिकेतल्या एचआयव्ही रुग्णांवरच्या चाचणीची आहे, 2022 ची. मामांसारख्यांना ही दोन औषधं किमान 4 आठवडे, मग 8 आठवडे फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक रोज 400 मिलिग्रॅम, आणि पुढे त्याचीच 200 ची गोळी सहा महिने ते वर्षभर.

गंमत पुढेच. मणक्यातल्या पाण्यात बुरशी उगवेनाशी झाली, तरी मामा पुन्हा बरळायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता बुरशी नाही, शरीराचीच प्रतिक्रिया भडकलीय. त्यावर दिलं काय, तर स्टेरॉइड! मी तोंडाकडे बघतच राहिलो. पण उतार पडला.

आता ऐकायला कमी येतं, बाकी ठीक. स्टेरॉइड हळूहळू कमी करताहेत, तर गुडघे धरलेत, आणि रोज सकाळी डॉक्टरांच्या नावानं शंख चालू आहे. दिवाळीत आलास तर जरा मोठ्यानं बोल.

तुझा,
बाळ्या