धुराची तपासणी पहाटे व्हावी

महोदय,

कचऱ्याच्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर आमच्या वाड्यावर चार रात्री कोंडून राहिला, त्याच आठवड्यात हवेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मापनकेंद्र आमच्यापासून बरेच दूर आहे, हा एक भाग झाला. परंतु हा निर्देशांक धूलिकण, ओझोन, सल्फर डायऑक्साइड अशा आठच घटकांवरून काढतात आणि त्यांत धुरातला कर्करोगकारक वायू बेंझिन नाही, हेही वाचकांना कळायला हवे होते. बेंझिनची वार्षिक मर्यादा 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे जेमतेम दीड रेणू.

आमच्या तक्रारीनंतर एक कर्मचारी आला तो दुपारी तीनला. बोटभर लांबीची स्टीलची नळी पंपाला जोडून त्याने तासभर हवा ओढली आणि दोन्ही टोकांना पितळी टोपणे घट्ट लावून ती नेली. पद्धत निर्दोष आहे. प्रयोगशाळेत नळी तापवून अडकलेले वायू सोडवतात, गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये ते वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखतात. अहवालात विशेष काही आढळले नाही. आढळणार तरी कसे? दुपारी खारा वारा धूर डोंगराकडे नेतो. रात्री मतलई वारा सुटला आणि थंडीमुळे जमिनीलगतची हवा वर चढेनाशी झाली, की तोच धूर आमच्या अंगणात उतरतो.

यासाठी सतत मोजणारे यंत्र हवे आणि ते उपलब्ध आहे. प्रोटॉन ट्रान्सफर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पाण्याच्या वाफेपासून हायड्रोनियम आयन (जादा प्रोटॉन जोडलेले पाण्याचे रेणू) तयार करून हवेत मिसळतात. नायट्रोजन व ऑक्सिजन त्यांच्याकडून प्रोटॉन घेत नाहीत, बेंझिन घेते. त्यामुळे 78 वस्तुमानाचे बेंझिन एका प्रोटॉनची भर पडून 79 वर दिसते, तेही काही सेकंदांत. मात्र आकड्यावर आंधळा विश्वास नको. आपल्या गोव्यासारख्या झाडीच्या प्रदेशात 69 वस्तुमानावरची नोंद फसवू शकते, कारण झाडांनी सोडलेले आयसोप्रीन आणि जळत्या लाकूडफाट्यातून येणारे फ्युरान दोन्ही तिथेच येतात. चांगल्या प्रतीचे यंत्र 69.07 आणि 69.03 यांतील फरक ओळखते. साधे ओळखत नाही. त्यातल्या त्यात सोय इतकीच, की अंधार पडल्यावर झाडे आयसोप्रीन सोडणे थांबवतात, म्हणून मध्यरात्री 69 वरची नोंद चढली तर संशय प्रथम धुरावर घ्यावा. (निवृत्तीनंतरही शिक्षकाची खोड जात नाही, क्षमस्व.)

भाताचा पेंढा जाळल्यावर हवेत वाढणारे बेंझिन मोहालीच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी याच पद्धतीने मोजले आहे. आपल्याकडेही वायुमापनाचे ज्ञान नवे नाही. गोव्यालगतच्या उथळ समुद्रातून पावसाळ्याच्या अखेरीस निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडविषयीचे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचे संशोधन 2000 सालीच प्रसिद्ध झाले आहे.

यंत्र महाग आहे, चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि खरेदीला वेळ लागेल, हे मान्य. तोपर्यंत निदान त्याच स्टीलच्या नळ्या पहाटे तीन ते सात या वेळेत लावाव्यात आणि अहवालात नमुन्याची वेळ व वाऱ्याची दिशा छापावी, एवढीच संबंधितांना विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, फोंडा