खताच्या ढिगापाशी: मंडळीतील मावशींना आभारपत्र

आदरणीय मावशी,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण तोंडावर आभार मानले की आपण पाण्याच्या नळीकडे वळता आणि विषय बदलता. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळीत क्षमेविषयी मला अनेकांनी सांगितले. ती करण्याच्या कामी हात दिलात तो आपण.

वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीत दादाने जे केले, त्याची उजळणी येथे करीत नाही. आई गेली तेव्हा आम्हा बहीणभावांत बोलणे नव्हते, एवढे पुरे. भेटायला येणारा जो तो ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगत होता. तो सल्ला मला तेव्हा पटला नव्हता आणि आजही पटत नाही. आपण तो दिला नाहीत. चर्चच्या आवारातला खताचा ढीग शनिवारी उलटायचा आहे, हाताखाली माणूस हवे आहे, एवढाच निरोप आपण पाठवलात.

त्या ढिगात कडुनिंबाचा पाला, कापलेले गवत, शेणकाला, राख आणि चर्चमधली जुनी फुले होती. लग्नातले हार आणि दफनविधीची पुष्पचक्रे एकत्र पडलेली पाहून मी थबकले, तेव्हा आपण माझ्या हाती पक्कड दिलीत आणि आधी पुष्पचक्रांतली तार काढायला सांगितलीत, कारण जे कुजणारे नाही ते आत राहिले तर पुढे वाफ्यात कोणाच्या तरी बोटाला लागते. त्यांत आईचीही पुष्पचक्रे होती. एकावर दादाच्या घरच्यांच्या नावाची, भिजून फुगलेली पट्टी अजून चिकटलेली होती. ती आपण पाहिलीत, मीही पाहिली, आणि दोघींपैकी कोणीच काही बोलले नाही. देठांभोवती घट्ट पिळलेली ती तार सोडवायला मला बराच वेळ लागला.

घराच्या हिश्श्याचा प्रश्न क्षमेच्या नावाखाली दडपू नये, तो दादाशी वेगळा आणि स्पष्ट बोलावा, असेही आपणच सुचवलेत, आणि लूककृत शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते, याची आठवण करून दिलीत. पाळकसाहेबांच्या समक्ष बोलणी झाली, कागदपत्रे झाली. राग तरीही होता तिथेच राहिला.

ढिगाविषयी आपण सांगितलेले मी नंतर मुद्दाम वाचून काढले. आज जिथे आपले कृषी महाविद्यालय आहे, तिथे 1924 साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीने ही पद्धत बसवली आणि 1931 साली दोघांनी ती ग्रंथरूपाने मांडली. म्हणून जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. (पोह्यांपलीकडेही आपल्या शहराचे नाव आहे, हे आपल्यातल्याच कितीजणांना ठाऊक असेल?) ओला कचरा नुसता दाबून ठेवला तर हवेअभावी सडतो आणि घाण सुटते, ओलावा राखून ठरावीक अंतराने उलटत राहिले, तर तो आतून तापतो आणि तीनेक महिन्यांत त्याचे खत होते. डिसेंबरच्या त्या सकाळी दाताळे आत घातले तेव्हा माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि एका कोपऱ्यातून नाकाला झोंबणारा दर्प आला. ‘इथे हिरवे जास्त झाले,’ असे म्हणून आपण त्यावर सुका पाला पसरलात आणि पुढच्या खेपेची तारीख सांगितलीत.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, भावाला किती वेळा क्षमा करावी, असे येशूचा शिष्य पेत्र विचारतो. तो भाग मी नेहमी निरनिराळ्या अपराधांविषयी आहे असे समजून वाचत आले होते. एकाच अपराधाची क्षमाही पुन्हा पुन्हा करावी लागते, हे मला आपल्यासोबत काम करताना उमगले. रविवारी प्रार्थनेत मनापासून क्षमा करावी आणि गुरुवारी जुन्या घराच्या गल्लीवरून जाताना सगळे जसेच्या तसे वर यावे, याला मी विश्वासाची उणीव मानत होते; आता ढीग उलटण्याची पाळी आली, असे समजते आणि कामाला लागते.

लूकच्या तेराव्या अध्यायातल्या माळ्याविषयीही मी आता वेगळा विचार करते. तीन वर्षे फळ न आलेले अंजिराचे झाड तोडून टाक, असे मळ्याचा धनी त्याला सांगतो. फळ आलेले नाही, हे तो नाकारत नाही आणि झाडाची बाजूही सावरत नाही. आणखी एक वर्ष मागतो आणि भोवती खणून खत घालायचे आपल्या अंगावर घेतो. पुढे फळ आले की नाही, ते शास्त्रात सांगितलेले नाही. उपदेशांत बहुधा ते आलेच असे गृहीत धरतात, ही मला थोडी घाई वाटते.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात खत तयार झाले. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात पायाला चिकटणाऱ्या आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत, गुलाबांच्या आळ्यांत, आपण ते माझ्याकडून कालवून घेतलेत. ईस्टरच्या आदल्या दिवशी मी दादाला फोन केला. आईच्या कबरीच्या दगडावर कोणते वचन कोरायचे, यावर बोललो; दुसरा विषय कोणीच काढला नाही. त्यानंतर त्याचे अधूनमधून फोन येतात.

मावशी, आपण दिलेल्या वेळाबद्दल, आणि विशेषतः न विचारलेल्या प्रश्नांबद्दल, मी आपली मनापासून ऋणी आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने आपल्याला दाताळे धरता येणार नाही, तेव्हा ढिगाची काळजी करू नये. शनिवारी मी असेनच. नाताळात दादा येणार आहे. त्याला झाडांतले काही कळत नाही, पण शेणाची घमेली तो उचलेल.

ख्रिस्तात आपली,
मंडळीतील एक बहीण